अर्धा खांब आमचा, अर्धा वकिलांचा

गेल्या अंकात घरातल्या गळतीबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो. माझी पहिली नोकरी काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलात होती आणि आमच्या खोलीतला खांब बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता. गळतीवर एकही पत्र आलं नाही, खांबावर मात्र आठ आली. तेव्हा या वेळी टेरेस, ओल, वॉटरप्रूफिंग सगळं बाजूला. एवढं लक्षात असू द्या की मी आर्किटेक्ट नाही आणि इतिहासकार तर नाहीच. अडतीस वर्षं स्ट्रक्चरल ड्रॉइंगं काढलेला ड्राफ्ट्समन आहे. उत्तरं त्याच मापाने घ्यावीत.

प्रश्न: माझी नात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते, ही इमारत विलायतेत तयार झाली आणि बोटीने मुंबईला आली. अख्खी इमारत बोटीत कशी मावेल? ती माझी फिरकी घेतेय का? (चरईतले एक आजोबा)

नाही हो आजोबा, नात खरं तेच सांगतेय. तुम्ही ठाणेकर, म्हणून तुम्हाला समजावणं सोपं आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. त्या गाडीची इंजिनं आणि खालचे रूळ आले कुठून? बोटीनेच. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी कोणी तरी म्हणालं की हॉटेलही तसंच आणू, तर त्या काळच्या इंग्रज कंत्राटदाराला त्यात काही नवल वाटलं नसणार. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला. वॉटसनचा सांगाडा साधारण १८६७ ते १८६९ या काळात उभा राहिला. म्हणजे हे लोखंड अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलं.

मालक जॉन वॉटसन. त्याचा धंदा कापडाचा. आधी दुकान आणि शोरूमच काढायची होती, पुढे तिचं हॉटेल झालं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. लंडनमध्ये १८५१ साली जे प्रचंड काचघर उभं राहिलं, क्रिस्टल पॅलेस, त्याच्या ड्रॉइंगांवर या माणसाने काम केलं होतं. पुढे सेंट पँक्रास स्टेशनच्या छपरातही त्याचा हात होता. ओतकाम झालं डर्बीच्या कारखान्यात. क्रिस्टल पॅलेसची खरी गंमत काचेत नव्हती, मोजमापात होती. एकाच साच्यातून एकसारखे शंभर नग काढायचे आणि जागेवर नेऊन बोल्टने आवळायचे. तीच युक्ती इथे लावली. खांब ओतीव, तुळया घडीव लोखंडाच्या, आणि मधल्या रिकाम्या चौकटींत वीटकाम. भिंती फक्त आडोशाला, सगळं ओझं सांगाड्यावर. भिंती चढण्याआधीचा तो सांगाडा पाहून त्या वेळच्या कोणी तरी त्याला पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्याची उपमा दिली होती. मला ती पटते. मी त्याच पिंजऱ्यात सहा वर्षं नोकरी केली.

ही जागाच का निवडली, हेही नातीला विचारा. ती सांगू शकली नाही तर तुम्ही सांगा. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. तटाबाहेरचं मोकळं मैदान म्हणजे एस्प्लनेड, आणि त्याच्या कडेचे प्लॉट बांधकामाला मिळाले. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस बंद, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. १८६५ ला युद्ध थांबलं आणि भाव कोसळले, कितीतरी सावकार रातोरात बुडाले. पण शहराचं अंग एकदा फुटलं होतं, ते काही परत तटात शिरणार नव्हतं. वॉटसन त्याच मैदानाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

आता माझा खांब. १९७९ साली तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे काय, दोन टेबलं, एक ड्रॉइंग बोर्ड आणि सायेबांची खुर्ची. हॉटेल कधीच बंद पडलं होतं आणि मजल्यांचे बारीक बारीक तुकडे पाडून ते भाड्याने दिलेले होते. कोर्टं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बहुतेक खोल्या वकिलांच्या. आमच्या आणि शेजारच्या वकीलसाहेबांच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, आणि ते नेमकं खांबाच्या मध्यावर येऊन टेकलेलं. अर्धा खांब आमचा, अर्धा त्यांचा. त्यांच्या अर्ध्यावर कॅलेंडर सुतळीने बांधलेलं, कारण त्यात खिळा शिरत नाही. आमच्या अर्ध्यावर मी लोहचुंबकाने चिठ्ठ्या अडकवायचो. पक्षकार फी देताना कुरकुर करू लागला की वकीलसाहेब हातातल्या किल्ल्या खांबावर आपटत. मग आमच्याकडे ‘ठण्ण’ असा आवाज यायचा आणि माझी शाईची रेघ हलायची.

एकदा वैतागून मी काही तरी बोललो, तर आमचे सायेब म्हणाले, ‘‘रागावू नकोस, ऐक नीट. पोकळ आहे तो. आणि धड आहे. माठ घेताना बाई टिचकी मारते ना, तसंच.’’ लोखंडाबद्दलचा माझा पहिला धडा तो.

प्रश्न: वाशीतली आमची सात मजली इमारतही कॉलम-बीमचीच आहे. मग तुमच्या वॉटसनचं एवढं कौतुक कशाला? (वाशीच्या एक गृहिणी)

ताई, कौतुक त्यासाठीच. तुमची इमारत त्याच कुळातली आहे. वॉटसनच्या सांगाड्यात लोखंड होतं, तुमच्याकडे आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट आलं, पण तत्त्व तेच. वजन खांब-तुळयांनी वाहायचं आणि भिंतींनी फक्त वारा-पाऊस अडवायचा. म्हणूनच तुमच्या सोसायटीत लोक हॉल आणि बाल्कनीमधली भिंत बिनदिक्कत काढून टाकतात. (काढण्याआधी विचारत नाहीत, तो वेगळा विषय. त्यावर एक अख्खा अंक लागेल.)

आमच्या नौपाड्यातल्या जुन्या दोन मजली घरांचं तसं नव्हतं. तिथे दीड विटेची भिंतच वजन पेलायची. आमच्या आळीत एकाने दुकानाचं तोंड मोठं करायला भिंत फोडली आणि वरच्या काकूंच्या स्वयंपाकघराचा ओटा मधोमध चिरला. मुंबईत बरीचशी बांधणी अशी भिंतीवर तोललेली असताना, १८६० च्या दशकात इतक्या मजल्यांची लोखंडी चौकट उभी राहिली. बहुमजली लोखंडी सांगाड्याची आज आपल्या देशात टिकून असलेली सर्वांत जुनी इमारत म्हणून तिचं नाव घेतात. २००५ च्या आसपास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंत तिला घेतलं, ते उगीच नाही.

प्रश्न: जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये ‘फक्त गोऱ्यांसाठी’ म्हणून दारातून परत पाठवलं आणि त्या रागातून ताज उभं राहिलं. हे खरं ना? (कळव्याचे एक वाचक)

हॉटेल गोऱ्यांसाठीच होतं, हे खरं. ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं आणि त्यानंतर वॉटसनला उतरती कळा लागली, हेही खरं. या दोन खऱ्यांच्या मधली ती रागाची कडी मी गोष्ट म्हणून ऐकतो. सांगायला छान आहे, नातवंडांना जरूर सांगा. पण माझ्या नावावर खपवू नका.

प्रश्न: भारतातला पहिला सिनेमा तिथे दाखवला म्हणतात. तो मराठी माणसाने पाहिला होता का? (पाचपाखाडीचे एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, ७ जुलै १८९६. ल्यूमिए बंधूंचा माणूस यंत्र घेऊन आला आणि वॉटसनमध्ये हलती चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया, म्हणजे तेव्हाच्या गरिबाला परवडणारं नव्हे. मराठी माणसाचं म्हणाल तर आपले सावेदादा, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. त्या खेळांनी ते इतके भारावले की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीचं चित्रण केलं. दादासाहेब फाळक्यांच्या चौदा वर्षं आधी. मला नेहमी वाटतं, वॉटसनमध्ये रुपया देऊन जे गेले त्यांतल्या बहुतेकांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल, ‘गंमत होती.’ कॅमेरा मागवला एकानेच.

१८९६ च्याच जानेवारीत अमेरिकी लेखक मार्क ट्वेन तिथे उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने मनसोक्त लिहून ठेवलंय. मी असतानाही सज्जात कावळे होतेच, आणि आमच्या शिपायाच्या डब्यातली पोळी रोज एक तरी जायची.

प्रश्न: इमारत पाडावी असा अहवाल आहे म्हणतात. तुमचं स्पष्ट मत सांगा, गुळमुळीत नको. (ऐरोलीचे एक सिव्हिल इंजिनिअर)

साहेब, तुम्ही धंद्यातले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी घडलेलं. २००५ च्या पावसाळ्यात सज्जाचा भाग कोसळला, त्यात एकाचा जीव गेला. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटलं, ही इमारत त्याच परिसरात. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालात पाडण्याची शिफारस होती. जतन करणाऱ्या इंजिनिअरांनी आणि इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने त्याला हरकत घेतली. दोन्हीकडे माझ्यापेक्षा शिकलेली माणसं आहेत. पण पत्र मला आलंय, तर उत्तरही मीच देतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी डोशाचा बीडाचा तवा सिंकजवळच्या फरशीवर पडला. पत्र्याचा असता तर पोचा आला असता. हा सरळ दोन तुकडे. तुटलेली कड पाहिली तर करड्या साखरेसारखी दाणेदार. बायको म्हणाली, ‘‘तीस वर्षं विस्तवावर होता, कधी काही झालं नाही, आणि आज एका पडण्याने?’’ मी म्हटलं, विस्तव त्याला दाबत नव्हता, तोडत नव्हता, पण फरशीने तोडलं. बीडाचं सगळं शास्त्र यात आलं. त्यात कर्ब दोन ते चार टक्के. दाबाला तो भक्कम, ताणाला त्याच्या तीन-चार पट कमजोर, आणि तुटण्याआधी वाकून इशाराही देत नाही. म्हणून खांब बीडाचा आणि वाकणारी तुळई घडीव लोखंडाची, हे ऑर्डिशने बरोबर केलं होतं. त्या तव्याचा एक तुकडा मी टेबलावर कागद दाबायला ठेवलाय. नव्या पोरांना सांगायला बरा पडतो.

आता दुखणं कुठे असतं ते बघा. पोकळ खांब आडवा ठेवून ओतायचे. आत वाळूचा गाभा, भोवती वितळलेलं लोखंड. लोखंड जड, गाभा हलका, तो वर उचलला जातो. परिणामी खांबाची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते. बाहेरून रंग लावला की दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून अशा इमारतीत पहिलं काम म्हणजे खांबाला बारीक भोकं पाडून चहूबाजूंनी जाडी मोजणं. बाहेरून पाहून ‘खांब सडलाय’ किंवा ‘खांब ठणठणीत’ म्हणणाऱ्यांना मी तवा दाखवतो.

खांबाच्या खालोखाल दुखतात ते सांधे. तुळई खांबाला मिळते तिथे पाणी साचतं. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो. फुगून तो शेजारचं वीटकाम ढकलतो, वीट फुटली की पाणी अजून आत जातं, आणि हे चक्र कोणी थांबवत नाही. सज्जाचं तर बोलायलाच नको. तो बाहेर झुकलेला, त्याच्या वरच्या अंगाला कायम ताण, आणि मुंबईचा पाऊस थेट अंगावर.

यात माणसांनी घातलेली भर वेगळीच. हॉटेलच्या खोलीत काय असायचं? खाट, कपाट, पाण्याचं घंगाळ. आमच्या वेळी वकीलसाहेबांच्या पोटमाळ्यावर निकाली खटल्यांच्या फायलींची बाडं छताला टेकलेली होती. कागद किती जड असतो ते रद्दीवाल्याला विचारा. भिंतींवर वजन नाही, मग पार्टिशन कुठेही घाला, पोटमाळा कुठेही टांगा, असं प्रत्येकाला वाटलं. पिंजरा होता, त्याचं गोदाम झालं. मीही त्यातलाच. आमच्या जुन्या ड्रॉइंगांच्या गुंडाळ्या मीच वर चढवल्या होत्या.

आता माझं मत. पाडू नये. पण ‘हेरिटेज आहे, रंग द्या, दिवे लावा’ असंही मी म्हणत नाही. बीडाला वेल्डिंग मारू जाल तर तापलेल्या जोडाशेजारीच तडा जातो, तेव्हा ठिगळं लावण्याचा मार्ग बंदच समजा. पण ही इमारत सुट्या भागांची आहे. जी नग-नग करून चढवली, ती नग-नग करून उतरवता येते. जो नग गेला असेल, त्याच्या धड भावंडावरून लाकडी साचा करावा आणि नवा ओतून घ्यावा. ओतीव लोखंड थंड होताना शंभराला एकच्या आसपास आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. साचा करणारा सुतार त्यासाठी वेगळी, ताणलेली फूटपट्टी वापरतो. ही विद्या आपल्याकडे मेलेली नाही. कोल्हापूरच्या ओतशाळांत इंजिनाचे भाग रोज ओतले जातात, त्यांना खांब काय अवघड? खर्च येईल, वेळ लागेल, भाडेकरू आणि मालक यांच्यात मिटवामिटवी करावी लागेल. यातलं शेवटचं सर्वांत अवघड आहे. त्यापुढे इंजिनिअरिंगचं काहीच नाही.

प्रश्न: ठाण्यात इंग्रजांच्या काळची अशी एखादी व्यापारी इमारत आहे का? पोरांना दाखवायची आहे. (घोडबंदर रोडवरच्या एक आई)

याच्या तोडीची नाही. ठाण्याला इंग्रजांनी कचेरी दिली, तुरुंग दिला, १८२५ चं सेंट जेम्स चर्च दिलं आणि रेल्वे दिली. पेढ्या आणि हॉटेलं मुंबईत काढली. पोरांना लोखंडच दाखवायचं तर खाडीकडे न्या. ठाण्याच्या खाडीवर रेल्वेचा पूल १८५४ ला झाला आणि गाडी कल्याणकडे निघाली, तिथून गोष्ट सुरू करा.

मग एका रविवारी फास्ट लोकलने सीएसएमटीला उतरा. आमच्या पिढीच्या तोंडी अजून व्हीटीच. आधी क्रॉफर्ड मार्केट बघा, म्हणजे महात्मा फुले मंडई. तिचं काम १८६९ चं, विल्यम इमर्सनचं, वॉटसनच्या बरोबरीचं. तिचा पिवळसर दगड कुर्ल्याचा आणि तांबडा वसईचा. एक आपल्या लोकलच्या वाटेवरचा, दुसरा खाडीच्या पलीकडचा. पोरांना दोन्ही रंग शोधायला लावा, अर्धा तास शांततेत जातो. आत मंडईच्या लोखंडी खांबांना हात लावता येतो. एक रुपयाचं नाणं बरोबर ठेवा आणि टिचकी मारून आवाज ऐका. गाळेवाल्याला आधी विचारा म्हणजे झालं.

तिथून मागे वळून महात्मा गांधी रोडने काळा घोड्याला या. डेव्हिड ससून लायब्ररी, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि आमची वॉटसन एकाच रांगेत आहेत. त्या दोन्ही इमारती दगडाच्या, भरीव, पाय रोवून बसल्यासारख्या. मग वॉटसनकडे पाहा. मजल्यावर मजला सारख्याच अंतराची तीच ती चौकट दिसेल. कुठेही थांबवता आली असती आणि कुठेही वाढवता आली असती, असा तिचा चेहरा आहे. मात्र बघायचं ते समोरच्या फुटपाथवरून. पोरांना कितीही जवळ जावंसं वाटलं तरी सज्जाखाली उभं करू नका.